काखेतली बाटली

४ जानेवारी

घशात घातलं! माझं दोन वर्षांचं काम बाईंनी सरळ घशात घातलं, आणि वर ढेकरसुद्धा दिला नाही.

सकाळची मीटिंग. मी खुशीत होते. पडद्यावर माझी फिल्म लावली — पेशी पाणी पितानाची. हिरवा सांगाडा, लाल पाणी. मागून कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. आणि बाई काय म्हणाल्या? ‘छान. आता हे पुढं तो करेल.’ बोट युवराजकडे! ‘तू यात हात घालायचा नाहीस. त्याला काही सांगायचंही नाहीस. जरा थांब, मग बसू आपण.’

युवराज हे मी ठेवलेलं नाव. गेल्या पावसाळ्यात आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना ‘हो, नक्की’. बाई मार्चअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या मागे लॅब कोणाची, हे संचालक बाईंना विचारूनच ठरवणार. आजवर मला वाटत होतं, माझी. एवढी वर्षं बाईंच्या हाताखाली काढली, लग्न लांबवलं, मग मोडलं, आईला घेऊन या शहरात राहिले — ती खुर्ची दुसऱ्या कोणाची असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आता कळलं. आयत्या बिळावर नागोबा!

मग बाई त्यांच्या सरांची गोष्ट सांगत बसल्या. त्यांचे सर असे, त्यांची लॅब तशी, दुसरा हात की काय — जुनं पुराण. माझे कान नुसते वाजत होते. एक अक्षर आत गेलं नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘तोंड का असं?’ सांगितलं. आई म्हणाली, ‘मग तू काय केलंस?’ म्हटलं, गप्प बसले. ‘मूग गिळून?’ हो, मूग गिळून.

५ जानेवारी

निदान इथं तरी माझ्या अक्षरात राहू दे की हे काम माझं आहे.

पेशीला तोंड नसतं. तरी ती पिते. भुकेली असली की फारच पिते. तिच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो — दिसावा म्हणून मी तो हिरवा रंगवते. आपल्या हाडांसारखा कायमचा नाही — सारखा बांधला जातो, सारखा मोडला जातो. प्यायची वेळ आली की हे धागे आतून रेटा देतात आणि पेशीची कातडी झालरीसारखी वर उठते. झालर वळते, दुमडते, कडेला कड मिळते. मध्ये बाहेरचं पाणी अडकतं. झाली पिशवी! ती पिशवी आत बुडते. एक घोट गेला. पाण्यात काय आहे ते पेशी बघतही नाही. जे येईल ते गिळते.

हे सगळ्यांना माहीत आहे. झालर उठताना सगळ्यांनी बघितलीय. मी बघितलं ते पुढचं. पिशवी मिटली तरी तिच्याभोवती धाग्यांचं हिरवं कडं असतं. ते कडं विरघळल्याशिवाय पिशवी आत जात नाही! धागे सुटू नयेत असं औषध घातलं की पिशवी कातडीखालीच अडकून बसते, थोड्या वेळानं परत उघडते, आणि घेतलेला घोट सगळा बाहेर. म्हणजे सांगाड्यानं उभं राहायचं तेवढंच नाही, वेळेवर मोडायचंही. रेटायचं आणि सोडायचं. ‘सोडायचं’ हा भाग माझा. जगात सगळ्यांत आधी मी बघितलाय तो, त्या अंधाऱ्या खोलीत, एकटीनं. किंचाळले होते तेव्हा.

आता ते किंचाळणं युवराजच्या नावावर.

६ जानेवारी

सूड घेणार. लिहून ठेवते. सूड घेणार.

९ जानेवारी

पण कसा? रडारड करायची नाही. राजीनामा द्यायचा नाही — ते तर त्यांना हवंच असेल. आईचा सल्ला: ‘गोड बोल, गोड बोल, आणि वेळ आली की एकदाच!’ आईला यातलं कळतं. माझ्या मावशीशी तिनं अबोला धरला तो कशावरून, हे आता दोघींनाही आठवत नसेल, पण अबोला अजून ताजा आहे. रोज पुसूनबिसून ठेवलेला.

आज बाई समोरून आल्या. मी इतकी गोड हसले की माझेच गाल दुखले.

१३ जानेवारी

सापडला! सूड सापडला, आणि तोही फुकट, बाईंच्याच आज्ञेनं!

युवराजनं आज काम सुरू केलं. मी शेजारच्या टेबलावर माझ्या दुसऱ्या कामाचं नाटक करत होते. त्यानं फ्रीजमधून लाल रंगाची नळी काढली — हा रंग पाण्यात मिसळून पेशींना पाजायचा, म्हणजे कोणता घोट आत गेला ते दिसतं. नळी बर्फाच्या डब्यात खोचली. बरोबर, नळीवर तसं लिहिलेलंच आहे, थंड आणि अंधारात ठेवा. मग मीडियम — पेशींचं अन्नपाणी — त्याची बाटलीही बर्फात. दोन्ही मिसळलं. आणि ते बर्फगार पाणी तस्सं, तस्सं नेऊन पेशींच्या डिशमध्ये ओतलं!

मी श्वास रोखला.

पेशी उबेतल्या. त्यांच्या अंगावर बर्फाचं पाणी! त्या काय करतील? आपण काय करतो? जिथल्या तिथं गारठतो. झालरी बसतात. मिटलेली पिशवी आहे तिथं थिजते, आणि कडं आहे तसंच राहतं. थोड्या वेळानं डिश गरम होते आणि सगळं सुरळीत सुरू होतं, पण तोवर या राजाचे फोटो काढून झालेले असतात. तो आधी यीस्टवर काम करायचा. यीस्ट म्हणजे थंडीवाऱ्याची पर्वा नसलेली जात. आमच्या पेशी म्हणजे लाडावलेल्या लेकी.

मी काय करते? रंग मिसळला की बाटली काखेत धरते. ॲप्रनच्या आत, काखेत, आणि तशीच हिंडते, इतर कामं करते. अंगाइतकी ऊब आली की मगच ओतते. इन्क्युबेटरमध्ये — पेशींच्या उबदार पेटीत — ठेवली तरी चालेल, पण तिथं ठेवली की मी विसरते. काखेतली विसरता येत नाही. हे कुठंही लिहिलेलं नाही. लिहायचं काय त्यात? कोणी ‘श्वास घ्या’ असं लिहितं का?

सांगायचं का त्याला? छे! बाईंची आज्ञा — ‘त्याला काही सांगायचं नाहीस.’ जशी आपली आज्ञा, बाई!

१४ जानेवारी

आजही थंड ओतलं. मी बाटली काखेत घेऊन त्याच्या पाठीमागून दोनदा गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा — हे असं समोर घडताना बघायला मिळेल, कधी वाटलं नव्हतं. मनात एवढी हसले!

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘बाटली काखेत मारून हिंडतेस? शेजाऱ्यांना कळू देऊ नकोस.’

२१ जानेवारी

बाईंनी बोलावलं. ‘बस जरा. चहा घेणार?’ मी उभीच. ‘कशी आहेस? आई कशी आहे?’ ठीक आहे. ‘तुझ्याशी एकदा निवांत बोलायचंय. तुझं काम—’ मी म्हटलं, ‘बाई, माझ्या पेशी बाहेर आहेत, मला जावं लागेल.’ पेशी बाहेरबिहेर काही नव्हत्या.

माझं काम म्हणे. माझं काय राहिलंय त्यात?

बाई थकल्यासारख्या दिसल्या. थकल्या असतील. चोरीचा माल जड असतो.

२८ जानेवारी

युवराज आज माझ्या टेबलापाशी घुटमळला. ‘ताई, एक विचारू का... नको, जाऊ दे. बाई रागावतील.’ मी म्हटलं, ‘मग नकोच विचारूस.’ आणि वळून कामाला लागले. तो तसाच मागे उभा होता. मग गेला.

मला वाईट वाटलं का? हो, जरा वाटलं. गोगलगायीवर पाय पडल्यावर वाटतं तेवढं. पण गोगलगाय खुर्चीवर चढून बसणार असेल तर?

४ फेब्रुवारी

आजची मीटिंग! हा दिवस जपून ठेवावा असा.

युवराजनं फोटो दाखवले. पिशवीमागून पिशवी, आणि प्रत्येकीभोवती हिरवं कडं. अर्थातच! सगळ्या गारठलेल्या! घसा खाकरून म्हणाला, ‘मला तर... सांगाडा सुटताना दिसत नाही. कडं पिशवीबरोबरच राहतं. औषध घातलं तरी तेच, नाही घातलं तरी तेच.’ माझ्या बरोब्बर उलट!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

बाई खूप वेळ गप्प. बोटानं टेबलावर टकटक. मग म्हणाल्या, ‘पुन्हा कर. सगळं पुन्हा कर, तसंच.’ आणि माझ्याकडे बघितलं. अगदी रोखून. ‘तुला काही म्हणायचंय?’

मी म्हटलं, ‘मला यात हात घालायचा नाहीये, बाई. तुम्हीच म्हणाला होतात.’

काय पण टोला! बाईंचा चेहरा पडला. मी बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते.

५ फेब्रुवारी

रात्रभर एकच विचार — आणि तो सकाळी लिहितेय. बाईंना ही उलटी गोष्ट आवडलीय. नक्की. गप्प बसल्या म्हणजे आवडलीच असणार. ‘सांगाडा सुटत नाही, तो पिशवीला आतपर्यंत पोचवायला जातो’ — किती नवी, किती चमकदार! माझं काम आधी चोरलं, आता त्याला उलटं टांगणार. चोरी परवडली, पण हे? माझ्या पेशींच्या तोंडी खोटं घालणार?

म्हणजे आता हा नुसता माझा सूड नाही. आता मी सत्याच्या बाजूनं आहे! काय मजा आहे — सूडही घ्यायचा आणि पुण्यही लागायचं.

१० फेब्रुवारी

सुटीच्या दिवशी लॅबमध्ये गेले. कोणी नव्हतं. सगळं स्वतःच्या हातानं केलं. एकाच दिवशी वाढवलेल्या पेशी, एकच रंग. एका डिशला बर्फाचं पाणी, एकीला काखेतलं. दोघींची फिल्म घेतली.

थंड डिशमध्ये युवराजचंच चित्र. जसंच्या तसं! गरम डिशमध्ये माझं. झालर उठली, वळली, मिटली. हिरवं कडं चमकलं, मग एका बाजूनं फिकट व्हायला लागलं, विरत गेलं — आणि पिशवी बुडाली. इतकं सुंदर आहे ते! रागात असूनही मी तिथंच गाल टेकून बघत बसले. थोडा वेळ बाई, युवराज, खुर्ची, काही काही आठवलं नाही.

मग आठवलं. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून एका पेनड्राइव्हवर घेतल्या. बॉम्ब तयार.

१७ फेब्रुवारी

मुहूर्तही ठरला! मार्चच्या पहिल्या आठवड्यात संस्थेची वार्षिक सभा. संचालक असणार, बाहेरची मोठमोठी मंडळी असणार. बाईंचं निवृत्तीचं भाषण. नोटीस बोर्डावर लागलंय — विषय: ‘दोन हात, एक पेशी’.

दोन हात! कोणाचे ते सांगायला नको. एक बाईंचा, एक युवराजचा. आणि मी? मी पायपुसणं.

बाई जिन्यात भेटल्या. ‘सभेला पुढच्या रांगेत बस हं. आणि काही बोलायची तयारी ठेव.’ मला हसूच आलं. तयारी? बाई, तयारी अशी आहे की बघत राहाल!

वर परत तेच, ‘सभेच्या आधी एकदा माझ्याशी बस ना गं. खरंच. महत्त्वाचं आहे.’ बघते म्हटलं. नाही बघणार.

१८ फेब्रुवारी

आईनं विचारलं, ‘बाई एवढ्या बोलावतायत तर जाऊन ऐकून तरी ये ना.’

‘तू कोणाच्या बाजूनं आहेस?’

‘तुझ्याच. पण ऐकायला काय जातंय?’

जातं. ऐकलं की राग पातळ होतो. बाई चांगल्या बोलतात. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतील आणि मी तिथंच रडेन, आणि मग काय राहील माझ्याकडे? हा राग तेवढा माझा आहे. तो तरी कोणाला देणार नाही.

२४ फेब्रुवारी

युवराज वाळलाय. डोळ्यांखाली काळं. पुन्हा पुन्हा तेच करतोय, पुन्हा पुन्हा बर्फ. आज त्याच्या हातून डिश पडली, तर गुडघ्यावर बसून पुसताना पुटपुटत होता, ‘माझंच काही तरी चुकतंय, माझंच.’

जीभ वळवळली. खरंच वळवळली. ‘अरे बाबा, गरम कर ते पाणी’ — एवढंच तर होतं.

गिळलं.

२ मार्च

आरशासमोर तालीम. ‘बाई, एक प्रश्न आहे.’ नाही, जास्त मऊ होतंय. ‘बाई, एक प्रश्न.’ असं.

बाईंचा एक नियम आहे आणि तो सगळ्या संस्थेला पाठ आहे: प्रश्न मधेच विचारायचा. शेवटपर्यंत ठेवलेला प्रश्न शिळा होतो, म्हणतात. बोलणाऱ्याला थांबवा, अडवा, तिथल्या तिथं. तर बाई, तुमच्याच नियमानं.

आई: ‘कपडे कोणते घालणार?’ काळे. ‘म्हणजे कोणी मेलंय का?’ मी म्हटलं, मरणार आहे.

आई हसली नाही.

६ मार्च

झालं! झालं झालं झालं!

सगळं लिहायचंय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

हॉल भरलेला. मी पुढच्या रांगेत, सांगितलं होतं तशी. बाजूला युवराज, मान खाली. मधल्या खुर्चीत संचालक. बाईंनी सुरुवात केली, पुन्हा त्यांच्या सरांपासून! ‘माझे सर म्हणायचे, एका हाताला दिसलं ते स्वप्न असू शकतं...’ मी पुढचं ऐकलंच नाही, माझं लक्ष पेनड्राइव्हकडे. मुठीत ओला झाला होता तो.

मग युवराजचे फोटो पडद्यावर. मोठ्ठे. गारठलेल्या पिशव्या, भोवती हिरवं कडं. बाई म्हणाल्या, ‘हे असं दिसलं. सांगाडा सुटत नाही, असं हे चित्र म्हणतं. आता...’

‘बाई, एक प्रश्न.’

उभी राहिले. बाई थांबल्या. आणि हसल्या! मला वाटतं, त्यांना वाटलं मी काही तरी गोडगोड बोलणार आहे. ‘विचार ना,’ म्हणाल्या.

‘पेशींवर ओतलेलं पाणी किती गरम होतं?’

बाईंनी युवराजकडे बघितलं. तो उभा राहिला. ‘गरम नाही... बर्फातलं. नळीवर लिहिलंय, थंड ठेवा.’

मागे कोणी तरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. आणि मग सगळा हॉल! हसण्याची एक लाटच आली. युवराजचे कान लाल. मी तशीच पुढं गेले, पेनड्राइव्ह लावला. डावीकडे थंड, उजवीकडे गरम. काही बोलावं लागलंच नाही. डावीकडे सगळं थिजलेलं, उजवीकडे पेशी घटाघटा पितायत, कडं विरतंय, पिशवी बुडतेय. हसणं थांबलं. बाहेरच्या मंडळींतले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, नीट दिसावं म्हणून. पाणी पाजलं मी, सगळ्यांना पाणी पाजलं!

बाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — आधी मला आनंद वाटला तो. एक क्षण. मग त्या माझ्याकडे वळल्या.

‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाल्या. ‘हे तुला केव्हा कळलं?’

आणि मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं: ‘पहिल्या दिवसापासून माहीत होतं!’

असा टोला! महिनोन्‌महिने घासूनपुसून ठेवलेला. संचालकांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. बाईंनी नुसती मान हलवली. कॉम्प्युटर मिटला. ‘माझ्याकडे आता दाखवण्यासारखं काही राहिलं नाही,’ म्हणाल्या आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी.

मी मागच्या दारानं बाहेर पडले. बाहेर लख्ख ऊन. मला ओरडावंसं वाटत होतं.

६ मार्च, संध्याकाळ

आईला सगळं करून दाखवलं. बाईंचा आवाज, युवराजचे कान, माझं ‘पहिल्या दिवसापासून’. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘जिंकलीस ना? मग जेवत का नाहीस?’

भूक नाही म्हटलं. दमलेय.

‘मावशीला मी ते सगळं तोंडावर सुनावलं होतं ना, त्या दिवशी माझी पण अशीच भूक मेली होती,’ आई म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

तिला काय कळतंय! ती वेगळी गोष्ट.

९ मार्च

लॅबमध्ये सगळे माझ्याशी अदबीनं वागतायत. फारच अदबीनं. मी खोलीत आले की बोलणं थांबतं. थांबू दे! जळतात.

बाई आल्या नाहीत. बरं नाही म्हणे.

संचालकांचा निरोप अजून नाही. येईल. आता माझ्याशिवाय आहे कोण?

१२ मार्च

निरोप आला. लॅबवर बाहेरून कोणाला तरी आणणार. सगळ्यांना एकच कागद, मलाही तोच. मी पुन्हा पुन्हा वाचला.

संचालकांच्या खोलीत गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. ‘काम तुमचं उत्तम आहे,’ म्हणाले, ‘पण तुमच्या हाताखाली मी मुलं कशी देऊ?’

म्हणजे काय? चूक मी पकडली! मी! चोराला सोडून... बाईंनीच कान भरले असणार. जाता जाता हाही डाव. बघून घेईन.

१३ मार्च

युवराज आज सामान बांधत होता. जातोय, दुसरीकडे. मी मुद्दामच आत गेले. रंग मिसळायचा होता, आणि त्याला बघायचंही होतं. म्हटलं, ‘आता तरी कळलं ना, चोरीच्या कामाला यश येत नाही?’

तो बघतच राहिला. ‘चोरीचं? ताई, मी दुसरा हात होतो. बाईंच्या सरांची पद्धत — मोठी गोष्ट दिसली की ती दुसऱ्या माणसानं, पहिल्याला न विचारता, करून बघायची. मगच खरी मानायची. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की. तुम्ही होता ना?’

मग हळूच म्हणाला, ‘माझं उलटं यायला लागलं तेव्हा मी रडलो बाईंपाशी. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस. कुठं चुकतंय ते तिला दिसलं असेल, आणि दिसलं की तीच येऊन सांगेल. तिच्या पोटात राहायचं नाही. मी रोज वाट बघायचो, ताई.’ खोक्यात पुस्तकं भरत राहिला. ‘भाषणाची शेवटची स्लाइड मीच केली होती. तुमचा फोटो, मायक्रोस्कोपवर वाकलेला. खाली — पहिला हात. यापुढं ही लॅब याच हातात.’

बाटली काखेत होती. कधीचीच गरम झाली होती.